सोयाबीन जीन एडिटेड आहे की नाही हे लॅबमध्ये कळतं का? खरेदीदार लेखी हमी मागतोय

मांजराकाठ

राम राम मंडळी. आमची लातूर जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद बहुतेक सोयाबीनवाले, थोडे तूर-हरभऱ्यावाले. मोंढ्यावर न नेता आम्ही बराचसा माल थेट एका निर्यातदाराला देतो, तो पुढं डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणि सोयापीठ करून बाहेर पाठवतो. आतापर्यंत तो फक्त नॉन-जीएमचा रिपोर्ट मागायचा, आम्ही सॅम्पल पाठवायचो, रिपोर्ट आला की गाडी भरायची, विषय संपला.

यंदाच्या कराराच्या मसुद्यात एक नवीन ओळ घुसली आहे. "माल जीएम नाही तसेच जीन एडिटेड नाही याची विक्रेत्याने चाचणी करून हमी द्यावी." आमचे सचिव म्हणतात सही करून टाकू, आपल्याकडं कुठं एडिटेड सोयाबीन आलंय. मला ते पटत नाही. हमी एकदा लिहून दिली आणि उद्या तिकडच्या बंदरावर कुणी काही काढलं तर कंटेनर परत आणायचा खर्च कुणाच्या अंगावर येणार, आमच्याच ना.

आणि हा नॉन-जीएमपणा आमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते इथल्या सोयाबीनवाल्यांना सांगायला नको. २०२१ च्या उन्हाळ्यापासून भाव चढत चढत दहा हजाराच्या वर गेले होते आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम डीओसी आयात करायला परवानगी दिली, नवा माल हातात येईपर्यंत भाव कुठं आले ते सगळ्यांनी बघितलंय. अमेरिका, ब्राझीलच्या ढिगापुढं आपल्याला जे काही थोडं जास्त मिळतं ते आपलं सोयाबीन जीएम नाही म्हणूनच मिळतं.

तर मला सरळ विचारायचंय की जीन एडिटिंग झालंय का नाही हे दाण्यावरून लॅबला कळतं का, कळत असेल तर अशी चाचणी कुठली, आणि कळत नसेल तर हमीत नेमकं काय लिहावं? इथं लॅबमधली, विद्यापीठातली माणसं आहेत म्हणून विचारतोय.

प्रयोगशाळेतली

दादा, सही करू नका, निदान या शब्दांत तरी नको. मी धान्य तपासणीच्या लॅबमध्ये पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून शोधायची चाचणी) विभागात काम करते, असले नमुने रोज हातातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा नॉन-जीएम रिपोर्ट कसा बनतो ते आधी बघा. जीएम पिकात बाहेरचं जनुक घातलेलं असतं, आणि ते चालू-बंद करायला दोन्ही बाजूंना ठरावीक तुकडे जोडलेले असतात. त्यातला एक फुलकोबीच्या विषाणूतला ३५एस नावाचा, दुसरा नॉस म्हणतात तो, एका जिवाणूतला. सोयाबीनच्या स्वतःच्या डीएनएत हे तुकडे नसतात, त्यामुळे पीसीआरमध्ये ते वाढले की बाहेरचं काहीतरी आहे हे पक्कं (विषाणू स्वतःच झाडावर असला तर ३५एस फसवतो, पण तो वेगळा विषय). यातही एक मेख आहे. तणनाशक सहन करणारं जुनं जीएम सोयाबीन, म्हणजे जीटीएस ४०-३-२, या दोन्ही तुकड्यांवर सापडतं. नंतर आलेल्या मॉन ८९७८८ मध्ये मात्र ३५एस पण नाही आणि नॉस पण नाही, त्याला वेगळी चाचणी लावावी लागते. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं "नॉन-जीएम" वाचून समाधान मानू नका, काय काय तपासलं त्याची यादी बघा.

आता जीन एडिटिंग. इथं नीट काम झालं तर शेवटी बाहेरचं काही उरतच नाही. क्रिस्परवाली कात्री, कॅस-९, झाडाच्या स्वतःच्या जनुकात ठरलेल्या जागी डीएनए कापते, झाड ते पुन्हा जोडून घेतं आणि जोडताना एखादं अक्षर जास्त पडतं किंवा दोन-चार गळतात. जनुक बंद पडायला तेवढं पुरतं. सोयाबीनच्या डीएनएत सुमारे ११० कोटी अक्षरं आहेत, त्यातलं एखादं इकडचं तिकडं.

कुठलं अक्षर ते मला आधी सांगितलं तर मी ते शोधून देईन, त्यात काही अवघड नाही. पण ते अक्षर कात्रीनं बदललं का आपोआप बदललं हे दाण्यातून मला कधीच सांगता येणार नाही. सातबाऱ्यावर ८० आर लिहिलेलं असतं, जुना उतारा शेजारी धरला तर पूर्वी ८१ होतं हे दिसतं, पण ते मोजणीत दुरुस्त झालं, वाटणीत गेलं का लिहिणाऱ्याकडून चुकलं हे कळायला फेरफार काढावा लागतो. डीएनएमध्ये नुसता सातबारा असतो, फेरफाराची नोंद नसते.

दुधनाकाठचा

ताई फार चांगलं समजावलं. मी जालन्याकडचा, आमच्या भागात कपाशीचे बिजोत्पादन प्लॉट लई असतात, मीही घेतो. कपाशीत बीटी आहे का नाही ते आम्ही बांधावर उभं राहून बघतो, पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत घालायचा, वरून ते द्रावण टाकायचं, काडीनं चेचायचं आणि पट्टी बुडवायची, पाच-दहा मिनिटांत एक रेघ आली तर नाही आणि दोन आल्या तर आहे. चोर बीटी म्हणतात त्या तणनाशकवाल्या कपाशीची पण पट्टी निघालीय. मग एडिटेडची अशी पट्टी का निघत नाही? कंपन्यांनी ठरवलं तर निघंल की.

प्रयोगशाळेतली

दुधनाकाठचे भाऊ, पट्टी डीएनए बघत नाही, प्रोटीन बघते. बीटीचं झाड क्राय१एसी नावाचं प्रोटीन तयार करतं जे साध्या कपाशीत नसतंच, पट्टीवर त्यालाच धरून ठेवणारं रसायन असतं. एडिटिंगमध्ये बहुतेक वेळा झाडाचं स्वतःचंच एखादं प्रोटीन बंद पडतं किंवा कमी होतं, नवीन काही तयार होत नाही, मग पट्टीनं धरायचं काय? कुणी कितीही ठरवलं तरी सगळ्या एडिटेड वाणांना मिळून चालेल अशी एक पट्टी निघणार नाही.

शेंगवर्गीय

मी वनस्पती जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी, कडधान्यांवर काम करतो, आणि आधीच सांगतो की मी जीन एडिटिंगच्या बाजूचा आहे. मर रोग आणि पावसाचा खंड या दोन गोष्टींनी मराठवाड्यातली तूर किती जाते ते मी घरी बघत मोठा झालो, बदनापूरच्या बीडीएन-७११ सारखं लवकर येणारं वाण नेहमीच्या पैदाशीनं तयार व्हायला किती वर्षं जातात तेही माहीत आहे. पण ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

कात्री झाडात राहते का, हा प्रश्न सगळे विचारतात. सुरुवातीला बहुतेक वेळा कॅस-९ चं जनुक झाडात घालावंच लागतं, म्हणजे पहिलं झाड खरंतर जीएमच असतं. काम झालं की त्याचं स्वपरागीभवन करतात, कॅस-९ एकाच जागी बसलेलं असेल तर पुढच्या पिढीत साधारण चारात एक झाड असं निघतं ज्यात बदल आहे पण कात्री नाही. तेवढीच ठेवायची, बाकीची काढून टाकायची. मार्च २०२२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने एसडीएन-१ (नुसतं कापून झाडाला स्वतः जोडू देणं) आणि एसडीएन-२ (नमुना देऊन ठरावीक छोटा बदल करवणं) या दोन प्रकारांना जीएमवरच्या १९८९ च्या नियमांतल्या ७ ते ११ मधून सूट दिली, ती बाहेरचा डीएनए उरलेला नाही हे दाखवण्याच्या अटीवर. एसडीएन-३, म्हणजे बाहेरचं जनुक मुद्दाम बसवणं, त्याला सूट नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेली दोन भातं याच सूटवाल्या गटातली, सांबा मसुरीपासून केलेलं डीआरआर धान १०० (कमला) आणि एमटीयू १०१० पासून केलेलं पुसा डीएसटी राईस १. सोयाबीनचं असं वाण आपल्याकडे आलेलं नाही.

बाहेरचं काही उरलं नाही हे नीट तपासावं लागतं बरं का. अमेरिकेत बिनशिंगाच्या एडिटेड गुरांबद्दल हेच झालं होतं, करणाऱ्यांनी सगळं स्वच्छ आहे म्हणून सांगितलं आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी पूर्ण डीएनए वाचलेला तपासला तर प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जनुकांसकट जिवाणूचा तुकडा आत बसलेला निघाला. तो सापडू शकला कारण तो बाहेरचा होता. अशा उरलेल्या तुकड्यांसाठी संपूर्ण वाचन जरूर करावं आणि ते वाण सोडणाऱ्यानेच करून जाहीर करावं.

पण स्वच्छ एडिटचं काय होतं त्याचं उदाहरण युरोपातलं आहे. तिथल्या न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये एडिटेड पिकं जीएमच्याच कायद्यात येतात असा निकाल दिला, मग ती ओळखायची कशी हा प्रश्न आला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका कॅनोलावर (मोहरीच्या कुळातलं तेलबी) एका अक्षराचा बदल पकडणारी पीसीआर पद्धत छापून आली, मोठा गाजावाजा झाला. त्यावर वाण काढणारी कंपनी म्हणाली की हा बदल एडिटिंगनं झालेलाच नाही, ऊतीसंवर्धनात आपोआप झालाय. युरोपातल्या सरकारी लॅबवाल्यांनीही सांगितलं की पद्धत अक्षर बरोबर ओळखते, पण ते कशामुळं बदललं हे तिच्यावरून ठरत नाही.

सोयाबीनचंच घ्या, ओलेइक आम्ल जास्त असलेलं तेल. साध्या सोयातेलात ते वीस-पंचवीस टक्के असतं. अमेरिकेत एफएडी२ ची दोन जनुकं एडिट करून ते ऐंशीच्या आसपास नेलेलं सोयाबीन निघालं, २०१९ मध्ये त्याचं तेल विकायला आलं. आणि तिथल्याच विद्यापीठातल्या लोकांनी त्याच दोन जनुकांतले आधीपासून मिळालेले बदल साध्या संकरातून एकत्र आणून तसंच तेल केलं होतं. जीएम पद्धतीनं केलेलंही आहे. तेलाची बाटली हातात दिली तर तिन्ही सारखीच, आणि रिफाइंड तेलात तपासायला डीएनए जवळपास राहतच नाही.

गावरान_वाण

नांदेडकडून नमस्कार. आम्ही काही जण गावरानी कपाशी, जुन्या ज्वाऱ्या, गावरान तूर असली बियाणी राखतो. वरचं सगळं वाचलं आणि दोन गोष्टी मनात आल्या.

पहिली अशी की बदल झालेली बियाणी आपण आजही पेरतोच. टीएयू-१ उडीद महाराष्ट्रात किती वर्षं पेरला जातोय, तो ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात किरणोत्सर्ग वापरून मिळालेल्या वाणातून पुढं आलेला. त्यात काय काय बदललं हे कुणी अक्षर न् अक्षर तपासलं नव्हतं आणि शेतकऱ्यानं त्यावर भरवसा ठेवला कारण कुठून आलं, कुणी काढलं, कसं काढलं हे उघड होतं. माझा आक्षेप बदलाला नाही, लपवण्याला आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ताई म्हणाल्या की अक्षर कुठलं ते आधी माहीत असेल तर शोधता येतं. म्हणजे ज्यानं एडिट केलं त्याला माझ्या शेतात येऊन त्याचं अक्षर शोधता येईल, पण मला त्याच्या पिशवीत ते शोधता येणार नाही कारण जागा त्यालाच माहीत! हे तराजू एका बाजूला झुकलेलं आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलाय. पण गुजरातच्या बटाटावाल्या शेतकऱ्यांवर २०१९ मध्ये पेप्सिकोनं याच कायद्याखाली दावे लावले होते, गदारोळ झाला तेव्हा मागे घेतले. तेव्हा मागे घेतले म्हणून पुढच्या वेळी घेतीलच असं नाही. म्हणून माझं म्हणणं, वाण सोडताना बदलाची नेमकी जागा आणि मूळ वाणाचं थोडं बियाणं सरकारी ठिकाणी सगळ्यांना मिळेल असं ठेवलंच पाहिजे.

शेंगवर्गीय

गावरान_वाण काका, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि संशोधकांचं त्यात काही नुकसान नाही. भाताच्या दोन्ही वाणांत कुठलं मूळ वाण आणि कुठलं जनुक हे जाहीर आहे, कमलात सीकेएक्स२ आणि पुसावाल्यात डीएसटी. किती अक्षरं कुठून गेली एवढी एक ओळ आणि मूळ वाणाचा नमुना मिळाला की पीसीआर करणारी कुठलीही बरी लॅब थोड्या दिवसांत चाचणी उभी करेल.

ते नसेल तर संपूर्ण डीएनए वाचूनही उपयोग नाही, कारण तुलना कशाशी करणार? सोयाबीनचा संदर्भ म्हणून जो डीएनए सगळे वापरतात तो विल्यम्स ८२ या अमेरिकन वाणाचा आहे, आपलं जेएस-३३५ किंवा एमएयूएस-७१ त्याच्यापेक्षा लाखो जागी वेगळं निघणार आणि त्यातली जवळजवळ सगळी निसर्गाची आणि पैदासकारांची कमाई. शिवाय दर पिढीला नवीन बदल आपोआप होतच असतात, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्यावर मोजलेला दर १०० कोटी अक्षरांमागे एका पिढीत सुमारे ७ असा आहे. एवढ्या गर्दीत एक अक्षर बोट दाखवून "हे एडिट" म्हणणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही.

मोंढा_लातूर

आडतीवरून लिहितोय. शास्त्र तुमचं बरोबर असेल पण मालाचं काय होतं ते बघा. एका गाडीत तीस-चाळीस जणांचे कट्टे, कुणाचं फुले संगम, कुणाचं जेएस, कुणाचं घरचं बियाणं ज्याचं नाव त्यालाच आठवत नाही. मळणी यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं ते झाडून थोडंच जातं, एकाचे दाणे दुसऱ्यात येणारच. असल्या मालात कुणी हजारात एक दाणा शोधायला निघालं तर हमी देणारा अडकणार. आमच्याकडं सळी खुपसून चार कट्ट्यांतून मूठभर काढतात आणि त्यालाच सॅम्पल म्हणतात, त्या सॅम्पलला काय अर्थ आहे?

प्रयोगशाळेतली

चार कट्ट्यांच्या सॅम्पलला खरंच काही अर्थ नाही. हजारात एक दाणा मिसळलेला असेल आणि तो ९५ टक्के खात्रीनं सॅम्पलमध्ये यावा असं वाटत असेल तर साधारण ३००० दाणे घ्यावे लागतात, सोयाबीनचे झाले साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. आणि ते गाडीच्या सगळ्या भागांतून, वरच्या, मधल्या, खालच्या कट्ट्यांतून, एकत्र कालवून.

३००० दाणे दळून एक डीएनए काढला की त्यात २९९९ साध्या दाण्यांचा आणि एकाच वेगळ्याचा. जीएममध्ये हे चालतं कारण ३५एस साध्या दाण्यात शून्य असतो, कमी असला तरी उठून दिसतो. एका अक्षराच्या बदलात दोन्ही तुकडे जवळपास सारखेच असतात, पीसीआर फसू शकतं, आणि अक्षरं वाचणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या चुकाही त्याच प्रमाणात असतात. डिजिटल पीसीआरनं, म्हणजे नमुना हजारो बारीक थेंबांत वाटून प्रत्येक थेंब वेगळा तपासायचा, बरंच साधतं. पण परत तेच, अक्षर आधी माहीत पाहिजे. माहीत नसलेल्या एडिटसाठी "आढळले नाही" असा रिपोर्ट कुणी लॅब देत असेल तर त्या लॅबला विचारा की तुम्ही शोधलं काय. मी असा रिपोर्ट देणार नाही.

दुधनाकाठचा

मग कागदावरच भिस्त ठेवावी लागणार. बिजोत्पादनात आम्ही ते करतोच, कुठल्या पिशवीचं बी, लॉट नंबर, शेजारी काय पेरलंय, भेसळ कधी काढली, सगळं लिहिलेलं असतं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही तेव्हा ज्यांच्याकडं बिल आणि पिशवीचं लेबल होतं त्यांच्याच तक्रारी पुढं सरकल्या, बाकीच्यांना पंचनाम्यालाच कुणी विचारलं नाही. मांजराकाठ भाऊ, सभासदांची वाणवार नोंद ठेवा, सोयाबीन स्वतःच्याच परागावर फळतं त्यामुळं एकदा शुद्ध बी आणलं तर घरचं तीन वर्षं चालतं, तेवढी साखळी लिहून ठेवणं अवघड नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संचालकांची बैठक झाली, धागा मोबाईलवर वाचून दाखवला आणि सचिवांनाही पटलं. खरेदीदाराला पाठवायचा मजकूर असा केलाय, काही खटकलं तर सांगा.

"पुरवठा केलेल्या मालाच्या, सर्व कट्ट्यांतून काढलेल्या किमान ३००० दाण्यांच्या नमुन्यात रिपोर्टमध्ये नावानिशी दिलेले जीएम घटक तिथे दिलेल्या मर्यादेपर्यंत आढळले नाहीत. माल सोबतच्या यादीतील वाणांचा असून बियाण्याची बिले व लॉट नंबर कंपनीकडे उपलब्ध आहेत. या यादीतील कोणतेही वाण जीनोम एडिटेड म्हणून प्रसारित झालेले नाही. खरेदीदारास एखाद्या विशिष्ट एडिटची चाचणी हवी असल्यास त्याने त्या बदलाचा नेमका क्रम व संदर्भ नमुना द्यावा, त्या चाचणीचा खर्च खरेदीदाराचा राहील."

"चाचणी करून जीन एडिटेड नाही याची हमी" हे शब्द काढलेत. तो अडून बसला तर माल मोंढ्यावर जाईल पण खोटी हमी जाणार नाही यावर सगळे एकमतानं उभे राहिले. शिवाय कृषी विभागाला आणि आमच्या आमदारांना एक निवेदन देतोय की एडिटेड वाण सोडताना बदलाची जागा जाहीर करा, पिशवीवर तसं छापा आणि मूळ वाणाचं बी विद्यापीठात ठेवा. गावरान_वाण काका, तुमचं वाक्य त्यात जसंच्या तसं घेतलंय. परभणी, हिंगोली, बीडच्या कंपन्यांनीही सह्या कराव्यात, व्यक्तिगत निरोप टाका, मसुदा पाठवतो.

प्रयोगशाळेतली

मजकूर चोख आहे. फक्त "मर्यादा" आकड्यात लिहा, ०.१ टक्का की काय ते लॅब रिपोर्टमध्ये देतेच. आणि प्रत्येक गाडीच्या नमुन्याचे तीन भाग करा, एक लॅबला, एक खरेदीदाराला, एक तुमच्याकडे, तिन्हींवर दोघांच्या सह्या आणि सील. सॅम्पल आख्ख्या दाण्यांचंच पाठवा, गिरणीत किंवा घरच्या मिक्सरमध्ये दळून नको, आधीच्या दळणाचं पीठ त्यात येतं आणि मग नसलेलं सापडतं. कापडी पिशवीत, कोरडं, नवी पिशवी.

मोंढा_लातूर

सह्यांसाठी आमच्या आडत असोसिएशनकडं पण मसुदा पाठवा भाऊ, सोमवारी बैठक आहे, मी ठेवतो.